बारावी जर्सी

कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क हणमंतरावांनी जर्स्यांचा गठ्ठा सोडला आणि पाठीवरचं ‘जि. लातूर’ वाचून त्यांची छाती फुगली. जिल्हा नवा होता, दुष्काळ मात्र जुनाच. प्यायला पाणी नव्हतं, पण पाट्या, शिक्के, लेटरहेड सगळं नवं झालं होतं. मग मुलींच्या बास्केटबॉल संघानं तरी जुन्या जिल्ह्याचं नाव पाठीवर का वागवावं? संघ बारा जणींचा, रावांनी शिवून घेतल्या अकरा. बारावी पंचशीला. रेणापूरहून एस.टी.नं येणारी, बुटकी, एकदाही मैदानात न उतरलेली. तिला ‘जि. उस्मानाबाद’ची जुनीच राहू दिली.

रात्री जेवताना त्यांनी ही काटकसर बायकोला मोठ्या कौतुकानं सांगितली. "बसूनच तर असती ती. बाकावर बसायला नवी जर्सी कशाला?"

साखराबाईंचा वाढता हात थांबला. रेणापूर त्यांचं माहेर. "अहो, तुमी कुणी उठवत न्हाई म्हणून ती बसती. टँकर विहिरीत रिता झाला की चाळीस बादल्या एकदम सुटत्यात. तळाला पाणी परातीएवढं. समद्यांच्या बादल्या दगडावर वाजत्यात, तिची दर खेपेला बरोबर पाण्यात. उन्हाळ्यात माहेरी गेले व्हते तवा रोज बघितलंय मी."

"अगं, बादली येगळी, बॉल येगळा."

"आन् तुमच्या यादीत तिचं नाव दर साली शेवटीच कसं येतं? बौद्धवाड्यातली हाय म्हणूनच ना?"

हणमंतरावांनी ताक मागितलं. उत्तर सुचलं नाही की ते ताक मागत.

आठवड्यानं नांदेडच्या कॉलेजशी अंतिम सामना आला आणि टँकरच्या पाण्यानं आपली करामत दाखवली. संघातल्या निम्म्या पोरी पोट धरून घरी, नव्या जर्स्यांसकट. मैदानावर उरल्या सहा. त्यातली एक पाच फाउल करून बाहेर गेली, तेव्हा पंचशीलाला उठावंच लागलं. रंग एकच म्हणून पंचांनी हरकत घेतली नाही. पण तिची पाठ दिसली मात्र, आपल्याच लोकांत खसखस पिकली. "ए उस्मानाबाद! रस्ता चुकलीस काय गं?"

पोरगी कानापर्यंत लाल झाली. हातातला बॉल दोनदा सुटला. हणमंतराव खुर्चीत आक्रसून बसले. त्यांचा आवाज एरवी बाजारातल्या गंजगोलाईपर्यंत जायचा, आज ते नुसते गुणफलकाकडं बघत राहिले. ही थट्टा आपणच शिवून दिलीय, हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं.

शेवटचे काही सेकंद. लातूर एका गुणानं मागे, आणि पंचशीलाला दोन फ्री थ्रो. लोक पुन्हा ‘उस्मानाबाद, उस्मानाबाद’ करू लागले. शेजारी बसलेल्या साखराबाईंनी नवऱ्याकडं नुसतं बघितलं. इथं ताक नव्हतं.

हणमंतराव धोतर सावरत खुर्चीवर चढले. "गप बसा रे! पंचशीला नाव हाय तिचं! जर्सी मी शिवली न्हाई, चूक माझी हाय. पोरी, बादली सोड!"

लोकांना काही कळलं नाही. पंचशीलाला कळलं. ती किंचित हसली, विहिरीच्या काठावर उभं राहावं तशी पाय रोवून उभी राहिली आणि बॉल सोडला. आत. दुसराही आत! सामना लातूरचा झाला आणि हणमंतराव खुर्चीसकट खाली आले.

दुसऱ्या दिवशी ते नवी जर्सी घेऊन तिच्यापुढं उभे राहिले. पंचशीलानं ती हातात घेऊन नीट घडी घातली आणि परत दिली. "राहू द्या सर. पुढच्या साली जी पोरगी बाकावर बसंल, तिला ही द्या. आधी तिला."

त्या सालापासून हणमंतराव संघाची यादी खालून लिहायला लागले. मंडळी, आपल्याही घरात, कचेरीत, गावात अशा याद्या असतातच. जिल्ह्याची पाटी बदलायला एक रंगारी पुरतो. यादी मात्र आपली आपणच बदलावी लागते, आणि शेवटच्या नावासाठी सगळ्यांत आधी ओरडावं लागतं.