बाबांचं कन्यादान

माझा आजा गोमाजी माझ्या जन्माआधी अकरा महिने वारला. आमच्या घरची रीत अशी, की मेलेल्या माणसाच्या गालावर घरातल्या मोठ्या बाईनं शेंदराचं बोट ओढायचं. माणूस परत आला तर ओळखता यावा म्हणून. आजीनं बोट ओढलं, आणि पंच्याहत्तर साली मी आले ती डाव्या गालावर लालभडक डाग घेऊन. झालं! बारशाला नाव ठेवलं शेवंती, पण ते रेशनकार्डावरच राहिलं. कल्याणच्या खाडीकाठच्या आमच्या कोळीवाड्यात मी ‘बाबा’च.

हसू नका. माझे वडील, नाथा, मला वाकून नमस्कार करत. होडी पाण्यात घालायची की नाही, ते मला विचारत. मी तेव्हा बाहुलीचं लग्न लावत असे. सहा वर्षांची असल्यापासून दर शनिवारी माझ्या ताटाशेजारी एक विडी ठेवली जाई. गणितात नापास झाले तेव्हा मास्तरांनी वडिलांना बोलावलं. वडील म्हणाले, “मास्तर, आमच्या बाबांना गणित कधी जमलंच नाय.” आणि आजी सरस्वती? ती माझ्यासमोर डोक्यावरून पदर घेई. नवऱ्याचं नाव घेत नाहीत, म्हणून माझंही घेत नसे. “अवो, डबा घेतला काय?” असं शाळेत जाताना विचारी. मी सहा दिवसांची असताना तिनं अख्ख्या कोळीवाड्यासमोर पुन्हा हिरवा चुडा भरला होता. नवरा परत आला, मग तिनं विधवा का राहायचं?

माशाच्या डोक्याचा तुकडा मलाच मिळायचा, हेही खरं. माझ्या चार मोठ्या बहिणी मुकाट शेपट्या खात. त्यामुळे बावीस वर्षं मी फारशी कुरकुर केली नाही. मग सहदेव भेटला.

विठ्ठलवाडीला त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान. जातीतला, सरळ, निर्व्यसनी. तो मागणी घालायला आला तर वडील ताडकन उठले. “पोरा, मी माझ्या बापाचं कन्यादान करू? लोक शेण घालतील माझ्या तोंडात!”

सहदेवला माझ्या डागाचं काही नव्हतं. नात्यानंच त्याचं डोकं फिरलं. “तुझं माझ्याशी लग्न झालं, तर तुझा बाप माझा मुलगा होतो,” तो म्हणाला. मग त्यानंच ठाण्याच्या एका दवाखान्याची पाटी वाचून आणली. लेझरनं जन्मखुणा आणि लाल-काळे डाग घालवतात, असं तिच्यावर लिहिलं होतं.

आता घरात परवानगी मागायची कोणाकडे? घरातला कर्ता पुरुष मीच. जेवायला बसल्यावर मी आवाज जड केला. “नाथा, मला ठाण्याला पोचव.”

“बाबा, तुम्ही जाणार?”

“जातो आता. शेवंतीला राहू दे.”

वडिलांनी मान खाली घातली. बाबांचा शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता.

आजी दर खेपेला माझ्याबरोबर आली. लेझरच्या खोलीत सगळ्यांना काळा चष्मा लावावा लागे. काष्ट्याचं लुगडं, हिरवा चुडा आणि काळा चष्मा अशी ती स्टुलावर बसे. प्रकाश लपकन पडला, की गालावर रबर ताणून सोडल्यासारखं लागायचं. मी ‘आई गं’ म्हटलं, की ती डॉक्टरांना विचारी, “कळ लागते काय यांना?”

“आजी, ही तुमची नात ना?”

“हो. मालक पन.”

डॉक्टर पुण्याकडचे. त्यांनी यापुढं माझ्याशीच बोलायचं ठरवलं. “डाग बराच फिका होईल, पण समूळ जाईलच असं मी म्हणणार नाही. आणि रागावलात, रडलात, तर तेवढ्यापुरता दिसेल.”

पहिल्या खेपेनंतर गाल वांग्यासारखा जांभळा पडला. दहा-बारा दिवसांत उतरेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण वडिलांना वाटलं, बाबा कोपले. त्यांनी बारा दिवस होडी काढली नाही. मग जांभळेपणा गेला, लालीही उतरत चालली. दर खेपेनंतर वडील मला दारात उजेडाला उभं करून बघायचे, बाबा किती उरलेत. सहाव्या खेपेनंतर काहीच दिसेना, तेव्हा ते ढसाढसा रडले.

मग खाडीकाठी माझा दहावा झाला. पिंडाचा भात मीच शिजवला. कावळा समोर बसून, पण शिवेना. वडील एकेक कबूल करत गेले: नवं जाळं विणतो, दारू सोडतो, भावाशी बोलतो. कावळा ढिम्म. दुपार टळली, लोकांच्या पोटात कावळे ओरडायला लागले. शेवटी वडील सवयीनं माझ्याकडेच वळले. “बाबा, काय राह्यलं तुमचं?”

“शेवंतीचं लग्न,” मी म्हटलं. “सहदेवशी.”

कावळ्यानं झडप घातली. त्यालाही भूक लागलीच असणार.

आजीनं मात्र चुडा उतरवला नाही. वडील ओरडले, कोळीवाडा कुजबुजला. “लगीन होऊ दे,” एवढंच ती म्हणाली.

आमच्यात धवलारीण गाणी म्हणत लग्न लावते. माझा हात सहदेवच्या हातात द्यायची वेळ आली आणि वडिलांनी तो धरूनच ठेवला. “नक्की गेलेत ना बाबा?” त्यांनी विचारलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. माझं डोकंच सणकलं. जन्मभर मेल्या माणसाचा मान घेतला, स्वतःच्या दहाव्याचा भात रांधला, तरी चौकशी आहेच! गाल तापला. मला तो दिसत नव्हता, पण धवलारीण गाता गाता थांबली.

“बाबा आले!” वडिलांनी माझा हात सोडला आणि भर मांडवात माझे पाय धरले.

मला रडूच फुटलं. म्हणजे गाल आणखी लाल. लग्न मोडलं, हे मला स्पष्ट दिसत होतं.

तेव्हा आजी उठली. “नाथा, ऊठ. तुजा बापूस नाय तो. शेंदूर मी उजव्या गालाला लावलेला.”

“उजव्या?” वडील म्हणाले. “मग मला कसं...”

“तू रडत होतास. रडताना मेलेल्याचा गाल बघतंय कोन? आनि चार पोरींवर ही पाचवी आली, ती पन डागाची. तू पाठ करून बसलेलास. हिची आय हिला जवळ घेईना. पाच दिस मी बघितलं. मंग बोलले, मालक आले. तवा तू वळून बघितलंस.”

आजीनं हातातला चुडा काढायला घेतला. बायका “अगं, लग्नात नको” म्हणत राहिल्या, पण तिनं ऐकलं नाही. बावीस वर्षं लोक हसले होते तिला त्या चुड्यापायी. मग पदर न सावरता ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, “शेवंते, रडू नको.” ते नाव तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

वडील खालीच बसलेले. त्यांनी विचारलं, “मग बावीस वर्षं मी कोणाला विचारून होडी पाण्यात घातली?”

“हिलाच,” आजी म्हणाली. “कवा बुडली काय?”

वडील उठले. पाया पडण्यापलीकडे त्यांनी मला आजवर मायेनं हात लावला नव्हता. आता माझ्या लाल गालावरचं पाणी त्यांनी तळव्यानं पुसलं आणि माझा हात सहदेवच्या हातात दिला.

“शेवंती. माझी पोरगी,” ते म्हणाले. “दुकानाचं काय करायचं झालं, तर आधी हिला विचार.”