नावाची कोरी जागा

“दगड आहे की सासऱ्याचं काळीज? छिन्नी लागेल तर शपथ,” आमेनवा माझ्या अगदी जवळ तोंड आणून पुटपुटत होता.

मित्रांनो, मी ऐकलेले हे पहिले बोलणे. मी हिरव्या दगडाचा, मेलेल्याच्या छातीवर ठेवायचा एक जुना शेणकिडा आहे. राजांच्या थडग्यांसाठी डोंगर पोखरणाऱ्यांच्या गावात माझा जन्म झाला. आमेनवाने माझ्या पाठीवर पंख कोरले, पाय दुमडले आणि पोटावर अक्षरे कोरली : ‘माझ्या हृदया, तराजूपाशी माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस.’ आमच्याकडे मेलेल्याचे हृदय देवांसमोर तोलतात. तेव्हा त्याला गप्प बसवणे हे माझे काम. नावाची जागा मात्र त्याने कोरी ठेवली. कोण आधी जाईल ते कुणाला ठाऊक? आणि नाव नसेल तर माझा मंत्र मुका.

आमेनवाचा धाकटा भाऊ केन्ना मला तळहातावर घेऊन म्हणायचा, “दादा, शेणात हात न घालता एवढा देखणा किडा केलास.”

एके दिवशी केन्ना थडग्याच्या बोगद्यात उतरला आणि छत कोसळले. गाव म्हणाले, डोंगराने घेतला. देहच सापडला नाही, मग हृदय कुठले? त्याला माझी गरजच उरली नाही. मी कोनाड्यात धूळ खात पडलो.

पुढे मुकादम पेन्नूब तापाने गेला. केन्नाला आत धाडणारा तोच. गावात त्यावर कुणी बोलत नसे. त्याची बायको तामेकेत माझ्यासाठी आली.

“प्रेत गुंडाळणारे खोळंबलेत, भाऊजी. ह्यांचं नाव तेवढं घाला.”

आमेनवाने छिन्नी टेकवली. उचलली. पुन्हा टेकवली.

“दगड टणक आहे, वहिनी.”

“असेल.”

“तोवर भाकरी खा. कांदा आहे.”

“नको.”

मित्रांनो, आम्हा वस्तूंना जपा, आमच्यावरची धूळ झटकत जा. पण माणसाने तोंडाने बोलायचे ते आमच्या पोटावर कोरून मोकळे होऊ नका. ते ओझे दगडालाही पेलत नाही.

तामेकेतने छिन्नीवर हात ठेवला.

“राहू द्या. छताला भेग पडलीय, हे ह्यांनी आदल्या संध्याकाळीच पाहिलं होतं. मी म्हटलं, मग कुणाला धाडू नका. तर म्हणाले, राजाचं काम थांबत नाही, केन्ना सडसडीत आहे, निसटेल.” तिने छिन्नी त्याच्या हातातून काढून घेतली. “नाव कोरू नका, भाऊजी. बोलू दे त्यांच्या हृदयाला.”