हौशीबाईने बसवलेली काळी-पिवळी

मित्रांनो, मी एक जुनी चासी आहे. चासी म्हणजे गाडीच्या बॉडीखालचा भाग. माझी लांबी तुमच्या हाताच्या पंजाएवढीच आहे. मला चार चाके आहेत, पोटात बारीक मोटर आहे आणि पुढे खाली लोंबणारी एक जिभली आहे. लाकडी ट्रॅकवर लांबलचक खाच असते, तिच्या दोन्ही बाजूंना तांब्याच्या पट्ट्या असतात. माझी जिभली त्या खाचेत बसते, चालवणाऱ्याने हातातली कळ दाबली की पट्ट्यांतून वीज येते आणि मी धावते. लोक बघतात ती बॉडी. चासीकडे कोणी बघत नाही. पण मी सगळ्यांकडे बघत असते, आणि खरे सांगायचे तर मला कोणाचाच भरवसा वाटत नाही.

याला कारण आहे. आसनगावच्या शेखरमामांनी मला मुंबईच्या जुन्या बाजारातून आणले, तोवर माझ्या अंगावर तीन बॉड्या चढून उतरल्या होत्या. एकाने मला गरम सळईने भोके पाडली. दुसऱ्याने बॉडी थेट डिंकाने चिकटवली आणि नंतर खेचून काढताना बॉडी अडकवायचा माझा एक कान मोडला. तेव्हापासून कोणी मला उलटे धरले, की आता हा काय करणार अशी शंका मनात येतेच.

शेखरमामा रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले होते. भाताच्या कोठीची खोली रिकामी करून त्यांनी तिथे ट्रॅक मांडला. दर रविवारी शहापूरचे, मुरबाडचे शौकीन तिथे जमत आणि शर्यती लावत. मामांचा हट्ट असा, की परदेशी गाड्या नकोत, आपल्या रस्त्यावरच्या गाड्या धावल्या पाहिजेत. म्हणून त्यांनी माझ्यासाठी कडक प्लास्टिकची काळी-पिवळी जीप आणली. शहापूर-मुरबाड रस्त्यावर माणसे कोंबून नेते ना, तशीच. पण खेळण्यातली बॉडी आणि चासी यांचे माप कधी जुळत नाही. मामांनी दोनदा बसवली, दोनदा चाके बॉडीला घासली.

ती बसवली हौशीबाईने.

हौशीबाई गावाबाहेरच्या पाड्यावर राहायची. वय पन्नाशीचे. लावणीला, कापणीला मजुरीने जायची आणि रविवारी मामांची खोली झाडायला यायची. लहानपणी ती बापाबरोबर पांगाऱ्याच्या लाकडाच्या गाड्या कोरून मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेत विकत असे. एकदा झाडू खाली ठेवून ती मामांना म्हणाली, "दादा, मी बघू का? तुमी चाकाला जागाच ठेवली नाय."

तिच्या बोटांना चुलीचा वास होता आणि नखे तुटलेली होती. ही माझा उरलेला कानही मोडणार, असेच मला वाटले. पण तिने घाई केली नाही. जुन्या पेनाच्या नळीचे दोन तुकडे कापले, जीपच्या आतून ते खांबासारखे चिकटवले आणि दिवसभर सुकू दिले. चाकांवरच्या कमानी पॉलिश पेपरने घासल्या. चाक आणि कमान यांच्यामधून कागदाची पट्टी अडखळत नाही ना, हे चारही बाजूंनी बघितले. मग माझ्या खालून त्या नळ्यांत स्क्रू घालून पुरते आवळले आणि प्रत्येक स्क्रू अर्धा फेरा मागे फिरवला. त्यामुळे जीप माझ्यावर किंचित डुलू लागली. ट्रॅकचा धक्का आता मला बसे, तो बॉडीपर्यंत पोचत नसे. वळणावर मी खाच सोडेनाशी झाले. हे अर्ध्या फेऱ्याचे तिने कोणाला सांगितले नाही. तिला त्यात सांगण्यासारखे काही वाटलेच नसावे.

मी सलग सात रविवार जिंकले. मामांच्या पत्नी निर्मलावहिनी चहा देताना म्हणत, "हौशीच्या हाताला गुण हाय." मुरबाडचा वाल्मिक, जो आमच्याकडून दरवेळी हरायचा, तोही एकदा तिला अंगणात गाठून म्हणाला, "बाय, माझीपन बसवून दे ना." ती हसली. ते हसणे मामांनी खिडकीतून पाहिले आणि मी मामांचा चेहरा पाहिला. तो चेहरा मला आवडला नाही.

दिवाळीनंतर मुरबाडला एका मंगल कार्यालयात मोठी शर्यत ठरली. मला चालवणार होता आदेश, मामांचा भाचा. तो शहापूरला टायरच्या दुकानात कामाला होता. आदल्या दिवशी दुपारी तो मला सरावासाठी घरी घेऊन गेला. त्याने दार लावून घेतले, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. त्याने स्क्रू काढले. चाकांचा तोल साधायला दुकानात शिशाची चिकटपट्टी लावतात, तशी एक पट्टी त्याने खिशातून काढली आणि जीपच्या टपाला आतून चिकटवली. स्क्रू जसे होते तसेच, अर्धा फेरा सैल ठेवून परत लावले. जादा वजन घालायला शर्यतीत मनाई होती. मी ओरडले असते, पण माझ्याजवळ आवाज कुठला?

शर्यतीत मी पुढे होते. शेवटच्या फेरीत शेवटचे वळण आले. टपातले वजन बाहेरच्या बाजूला कलले, माझी आतली चाके उचलली गेली आणि मी खाच सोडून फरशीवर आदळले. जीपचा टप फुटला, तुकडे उडाले. वाल्मिकची गाडी जिंकली. गोंधळात शिशाची पट्टी सुटून आदेशच्या पायाशी पडली. त्याने तिच्यावर चप्पल ठेवली आणि खाली वाकून ती खिशात घातली.

मामांनी मला उलटे केले. स्क्रूला बोट लावले.

"हे सैल कोनी केले?"

 मामांबरोबर शर्यत बघायला आलेली हौशीबाई भिंतीशी उभी होती. ती म्हणाली, "मीच ठेवते दादा सैल. नेहमीच."

"नेहमीच? का आज वाल्मिकसाठी?"

तिला आधी कळलेच नाही. कळले तेव्हा तिने आदेशकडे पाहिले, कारण गाडी आदल्या दिवसापासून त्याच्याकडे होती. आदेश मोबाइलमध्ये बघत राहिला. तिने खाली बसून जीपचे तुकडे गोळा केले, पदरात बांधले आणि निघून गेली.

पुढचे सगळे मी फळीवरून ऐकले. हौशीबाईचे येणे बंद झाले, एरवी खोलीला कुलूप लागू लागले. मामांनी माझ्यावर दुसरी बॉडी बसवली आणि स्क्रू करकचून आवळले. आता प्रत्येक सांध्यावर मी थडथडू लागले, उड्या मारू लागले. मामांना वाटले, हौशीने आतही काहीतरी बिघडवून ठेवले आहे. त्यांनी माझी मोटर काढली, तारा तपासल्या, काही सापडले नाही. न सापडल्यामुळे संशय आणखीच वाढला. निर्मलावहिनी हे खळ्यावर बोलल्या, आणि बोलताना शब्द बदलले. "हिच्या हाताला गुण हाय" म्हणणाऱ्या बायका आता म्हणू लागल्या, "हिच्या हाताला कायतरी हाय." भाताची झोडणी सुरू झाली, तेव्हा हौशीबाईला कोणीच कामाला बोलावले नाही. दर रविवारी आदेश मला हातात घेई, चाक फिरवून बघे आणि ठेवून देई. 

महिनाभराने एका सकाळी हौशीबाई दारात उभी राहिली. हातात काळी-पिवळी होती. तिने एकेक तुकडा जोडून आणला होता.

"संशय घ्यायचा तर घ्या दादा," ती म्हणाली, "पन गाडी माझ्यासमोर उघडा."

मामा बाजूला झाले. आदेशही तिथेच होता. तिने जीप माझ्यावर चढवली आणि स्क्रू गच्च आवळले. "चालवा." मामांनी चालवली. दुसऱ्याच वळणाला मी बाहेर पडले. तिने मला उचलले आणि दोन्ही स्क्रू अर्धा फेरा सोडले. "आता चालवा." मी दहा फेऱ्या धावले. माझी जिभली एकदाही खाचेतून सुटली नाही.

मामांनी वीज बंद केली. 

"मग त्या दिवशी का पडली?"

हौशीबाईने जीप पुन्हा सोडवली आणि आतली बाजू उजेडाकडे केली. टपाच्या मधोमध काळा, चिकट चौकोन होता. "जोडताना दिसला. हा डिंक माझा नाय. मी पांढरा वापरते. हा कशाचा, ते मला ठाऊक नाय."

मामांना ठाऊक होते. तसल्या पट्ट्या त्यांनी स्वतःच्या मोटारसायकलच्या चाकावर पाहिल्या होत्या. त्यांनी मान आदेशकडे वळवली.

"मामा, वाटलं जड असली तर खाली दबून चालेल," आदेश म्हणाला.  "पडल्यावर सांगणारच होतो. पन तुमी तिलाच विचारायला लागलात... मंग राहून गेलं."

"राहून गेलं?" मामा म्हणाले. मग ते हौशीबाईकडे वळले आणि त्यांनी हात जोडले. "हौशे, माझं चुकलं."

तिने त्यांचे हात खाली केले. "मला कशाला सांगताव? तुमी बोललाव मुरबाडला, वहिनी बोलल्या खळ्यावर. मुरबाड लांब हाय. खळ्यावर चला."

तेव्हाच निघाले सगळे. मी आणि सुटी जीप आदेशच्या हातात होतो. खळ्यावर बायका भात झोडत होत्या, निर्मलावहिनीही होत्या. आदेशने जीप उलटी करून तो काळा चौकोन दाखवला आणि आपण काय केले ते सांगितले. मान वर न करता, पण सगळे सांगितले. बायकांचे हात थांबले होते. शेजारच्या यमाजीची म्हातारी आई कोपऱ्यात भात पाखडत बसली होती, तिने सूप खाली ठेवले.

"एवडं बोलायला तुला म्हैना लागला रे?"

 निर्मलावहिनी उठल्या. त्यांनी आपल्या शेजारची पेंढी सरकवून जागा केली आणि म्हणाल्या, "ये गो हौशे." हौशीबाई लगेच बसली नाही. तिने सगळ्या चेहऱ्यांवरून एकदा नजर फिरवली. मग पदर खोचला आणि एक पेंढी उचलली.

आता ती पुन्हा रविवारी येते. पण गाडी बसवून झाली की ती मामांना बोलावते आणि म्हणते, "आदी बघा, मंग चालवा." मामा म्हणतात, गरज नाही. ती म्हणते, "तुमाला नसंल. मला हाय." आणि मामांना वाकून दोन्ही स्क्रू बघावे लागतात.

मित्रांनो, तुमच्याही घरी अशा गाड्या असतील. त्यांची चाके घासत असतील तर जरा जागा करून द्या, जोर लावू नका. पण माझे खरे सांगणे दुसरेच आहे. तो महिनाभर खरे काय ते दोघांना ठाऊक होते, मला आणि आदेशला. मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे. एखाद्याचे नाव खराब होताना दिसले आणि खरे तुम्हाला माहीत असेल, तर त्याच ठिकाणी, त्याच वेळी बोला. उद्यावर टाकू नका.