पाणकावळा भिजतो

तळ्यात पडलेली वस्तू बुडीकाकांना सापडली नाही, असं चाळीस वर्षांत फार थोड्या वेळा झालं होतं. किल्ल्या, घड्याळं, सायकल, एकदा तर शिवणयंत्र. धक्क्यावरून काही पाण्यात गेलं की लोक आधी कपाळावर हात मारत आणि मग काकांच्या दारावर. आता मात्र खुद्द त्यांच्या बायकोची कवळी तळ्यात होती, आणि ती पडायला कारण तेच झाले होते.

रविवारी होडीतून परतताना त्यांनी नावाड्याच्या नव्या मिशीला उद्देशून काहीतरी म्हटलं. काकू खो-खो हसल्या, होडीबाहेर वाकून हसल्या, आणि वरचे सगळे दात डुबुक्कन पाण्यात गेले.

तेव्हापासून काकू बोलत नव्हत्या. दातांचा डॉक्टर बाहेरगावचा, दोन महिन्यांनी येणारा. तोवर तोंडावर रुमाल धरून त्या घरात वावरत, हवं-नको ते बोटाने दाखवत. चहात माशी पडली तरी तिची जन्मकथा सांगणारी ही बाई! घर इतकं गप्प झालं की भर दुपारी नळाचा थेंब ऐकू येई. काका आपल्याच घरात चोरासारखे पावलं टाकू लागले.

"मी काढतो ती," ते लेकीला म्हणाले.

"काढा. पण सूट घालून."

लेक दवाखान्यात नर्स होती. मागच्या हिवाळ्यात काकांच्या छातीत कफ भरला आणि ते महिनाभर अंथरुणाला खिळले, तेव्हा तिनेच कुठूनतरी तो रबरी सूट मिळवला होता. जाड, काळा, गळ्याशी आणि मनगटाशी घट्ट. अंगाला पाण्याचा थेंब लागत नसे. सुटाशिवाय पाण्यात उतरणार नाही, असं तिने बापाकडून वदवून घेतलं होतं.

तीन दिवस काका सूट घालून बुडी मारत होते. म्हणजे मारायला जात होते. डोकं खाली, पाय वर, हात-दोन हात खाली गेले की पाणी त्यांना उचलून परत वर ठेवी. दगड बांधून जाणं त्यांच्या धंद्यात बसत नव्हतं. दगड खाली नेतो, वर आणत नाही.

"काका, अंडं घालायला बसलात का पाण्यावर?" नावाडी ओरडला.

"तुझी मिशी उबवतोय!"

चौथ्या दिवशी ते पाण्यात गेलेच नाहीत. सूट खांद्यावर टाकून लव्हाळ्याशेजारच्या दगडावर बसून राहिले. बारीक भुरभूर चालू होती. आभाळ आणि तळं यांतला फरक पुसून गेला होता, आणि समोरची बदकं कशावर तरंगताहेत, पाण्यावर की ढगावर, ते कळत नव्हतं. एक बदक मान मागे वळवून शेपटीच्या मुळाशी चोच घाशी, तिथलं तेल घेई आणि मग एकेक पीस चोचीतून ओढून काढी, सावकाश, पोरीचे केस विंचरावेत तसं. पाठीवर पडलेला थेंब क्षणभर थांबे आणि पत्ता चुकल्यासारखा निघून जाई.

काठावर त्याचं एक पीस पडलं होतं. काकांनी ते मधोमध फाडलं. चिमटीतून एकदा ओढलं, तर फट मिटून गेली, जणू कधी नव्हतीच. पाण्यात दाबून धरलं तर त्याच्याभोवती हवेचं चंदेरी अस्तर दिसलं. बोट काढताच पीस वर आलं, कोरडं ठणठणीत.

तेवढ्यात काठालगतच्या जुन्या खुंटावरचा पाणकावळा पाण्यात शिरला. आवाज नाही, तरंग नाही. दार लोटून आत जावं तसा गेला. बराच वेळ तळं रिकामं राहिलं. मग तो लांब कुठेतरी वर आला, मानेपर्यंत बुडालेला, चिंब. खुंटावर चढून पंख पसरून वाळत बसला. खुंटाखाली त्याचंही एक पीस अडकलं होतं. काकांनी ते पाण्यात धरलं. कडा लगेच भिजल्या, काळ्या पडल्या. मधला दांड्याजवळचा पट्टा मात्र कोरडाच राहिला.

काका खांद्यावरच्या सुटाकडे बघत राहिले. आपण तीन दिवस बदक पांघरून हिंडतोय!

जेवताना त्यांनी लेकीला सांगून पाहिलं. "त्या सुटात मी बदक होतो गं."

"मग बदकच राहा. बदकांना खोकला झालेला मी पाहिला नाही." आणि ती ड्युटीवर गेली.

भुरभूर थांबली होती, ऊन पडलं होतं. काकांनी फडताळातून जुना दोर काढला. पूर्वी दोराचं दुसरं टोक नेहमी काकूंच्या हातात असे. त्या मोठ्याने आकडे मोजत आणि ऐंशीला एक हिसका देत. हिसका बसला की वर यायचं, हा कायदा. काकूंनी दोराकडे पाहिलं, खुंटीवरच राहिलेल्या सुटाकडे पाहिलं, आणि रुमाल तोंडाशी धरून चपला घातल्या.

पाणी छातीला चावलं. मग चावेनासं झालं. काका भिजले, जड झाले आणि खाली निघाले. हिरवा उजेड, मग तपकिरी, मग नुसता मऊपणा. खाली घरातल्यासारखीच शांतता होती, फक्त इथे ती टोचत नव्हती. गवत डुलत होतं. दोन पुरुष खोल पाण्याच्या तळाशी, चिखलात, काकूंची कवळी हसत पडली होती.

हिसका बसला. ऐंशी.

कवळी हातभर लांब होती. काकांनी जन्मात पहिल्यांदा कायदा मोडला. कानात घंटा वाजायला लागल्या, बोटांनी चिखल उपसला, दुसरा हिसका बसला, तिसरा, आणि मग त्यांना कुणीतरी अक्षरशः ओढतच वर घेतलं.

वर ऊन होतं. काकू गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या, दोर मनगटाला गुंडाळलेला, रुमाल कुठल्या कुठे वाहत चाललेला.

"हंभर!" त्या ओरडत होत्या. "हंभराच्या वर मोदले मी! कान फुतले का तुमते? लेकीला काय तोंद दाखवू मी? मेल्या दातांफाठी जीव देता?"

नावाडी वल्हं उचलून तसाच उभा राहिला होता. काकूंनी तोंड झाकलं नाही. त्यांनी नावाड्यालाही सुनावलं, मग सुटाला, मग तळ्याला.

काका दगडावर जाऊन बसले आणि उन्हाकडे तोंड करून दोन्ही हात पसरले. अंगावरून पाणी निथळत होतं, दात कडकडत होते. काकू त्यांची पाठ पदराने खसाखसा पुसत होत्या आणि बोलत होत्या. रविवारपासूनचं सगळं साठलेलं, अर्धं कळत होतं, अर्धं नव्हतं.

उजवी मूठ काकांनी घट्ट मिटून ठेवली होती. थोड्या वेळाने उघडू, त्यांनी ठरवलं. आधी हिचं सगळं बोलून होऊ दे.