उजेडातलं टेबल

मास्टरणीचं ऑपरेशन सोमवारचं ठरलं आणि लेकीने त्याच संध्याकाळी फर्मान काढलं, की शनिवारी आईबाबांनी दोघांनीच बाहेर जेवायला जायचं, तेही चांगल्या रोमँटिक ठिकाणी.

"या वयात?" मास्टरीण म्हणाली. तिचा आवाज हल्ली जाड कापडावर बोथट कात्री ओढावी तसा यायचा.

"याच वयात," लेक म्हणाली आणि पटकन फोनमध्ये तोंड घातलं. तिचे डोळे भरून आले होते.

स्वरयंत्र काढावं लागणार होतं. डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं होतं: हे इथून इथपर्यंत जाईल, मानेला भोक राहील, श्वास तिथून घ्यायचा. आवाज कायमचा बंद. जीव वाचायची आशा मात्र चांगली. "वर्षभर आधी आला असतात तर नुसत्या किरणांवर भागलं असतं," असंही ते बोलून गेले होते. तेव्हा नवरा बाहेर औषधाच्या खिडकीपाशी उभा होता आणि तिने ते वाक्य घरी आणलं नव्हतं.

मास्टरीण शाळेचे गणवेश शिवणाऱ्या दुकानात कापड बेतायची, म्हणून ते नाव. बोलायची भारी हौस. मापं घेता घेता पोरांशी, त्यांच्या आयांशी, मशीनवरच्या बायकांशी तिची टकळी चालूच. नवरा अगदी दुसऱ्या टोकाचा. त्याचा सगळा जन्म लाकूड कापायच्या कारखान्यात, करवतीच्या यंत्रापाशी गेला. कोणी काहीही म्हणो, याचं उत्तर "हो" नाहीतर "हं". कारखान्यात त्याचं नावच होयबा पडलं होतं. त्याला थोडं कमी ऐकू येतं हे घरात ठाऊक होतं. पण समोर बसून बोललं की तो नीट उत्तर द्यायचा, मग खोलात कोण शिरतं?

असा हा होयबा, पण हॉटेल निवडायची वेळ आली तेव्हा नन्नाचा पाढा लावून बसला.

"हे बघा बाबा, गच्चीवरचं. अख्खं शहर दिसतं."

"वारा फार असेल."

"हे तळ्याकाठचं?"

"मधोमध कारंजं आहे. नको."

"बरं, मग हे. प्रत्येक टेबलावर मेणबत्ती, कोपऱ्यात पियानो. फोटो तरी बघा बाबा!"

त्याने फोन हातात घेऊन फोटो निरखला. "उजेड कुठाय यात?"

"अहो बाबा, रोमँटिक म्हणजे उजेड कमीच असतो!"

दुसऱ्या दिवशी कारखाना सुटल्यावर तो एकटाच पायपीट करत चार-पाच ठिकाणं बघून आला. बूट काढता काढता म्हणाला, "बस डेपोसमोरचं बरं आहे. पांढऱ्या ट्यूबलाइटी आहेत, गाणी लावत नाहीत. कोपऱ्यातलं टेबल ठेवतो म्हणालाय मालक."

लेक उसळलीच. "जिथे ड्रायव्हर लोक उभ्या उभ्या सूप ओरपतात, तिथे? आईचं हे शेवटचं—" आणि तिने ओठ गच्च मिटले.

मास्टरणीच्या मनाला फार लागलं. इतकी वर्षं हा माणूस कशालाच नाही म्हणाला नाही आणि आज, नेमकं आज, याला हट्ट सुचला. "मेणबत्त्यांचं," ती म्हणाली. "एकदा तरी माझ्या मनासारखं होऊ दे."

तो तिच्याकडे बघत राहिला. काहीतरी सांगायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. "हो," तो म्हणाला.

शनिवारी तिने मोरपंखी रंगाचा नवा ड्रेस घातला, स्वतःच बेतलेला, मानेशी उंच. त्याने दाढी इतकी खरवडून केली होती की हनुवटीला दोन ठिकाणी कापलं होतं. हॉटेलात शिरल्यावर आधी काहीच दिसेना. वेटरने दिव्यासारखा हात पुढे धरून त्यांना टेबलापर्यंत नेलं. काचेच्या पेल्यात एक बुटकी मेणबत्ती, तिच्याभोवती हातभर उजेड, त्यापलीकडे सगळी माणसं नुसत्या सावल्या. पियानोवाला रंगात आला होता. होयबाने मेनू वाचायला मोबाइलची बॅटरी लावली, तशी शेजारच्या टेबलावरची जोडी वळून बघायला लागली. त्याने घाईघाईने ती बंद केली आणि दिसेल त्या ओळीवर बोट ठेवलं.

मास्टरणीने काय बोलायचं ते मनात जुळवून आणलं होतं. सूप आलं. तिला दोन चमचेही गिळवेनात. चमचा ठेवून ती म्हणाली, "मला नाही करायचं ऑपरेशन."

"हं," तो म्हणाला.

तिला वाटलं, विचार करतोय. ती पुढे बोलत राहिली. घशाला रेघोट्या ओढल्यासारखं होत होतं, तरी बोलली. "मुकी होऊन जगायचं म्हणजे काय जगायचं? दुकानात मला कोण ठेवेल? लेकीचा फोन आला तर मी काय करू? भीती वाटते हो मला. रात्री झोप नाही लागत. तुम्ही एकदा म्हणा, नको करूस, मी नाही करत."

तो हसला. मान डोलावली. "हो, हो. छान आहे."

तिचं डोकं फिरलं. उठून निघून जावं असं वाटलं. पण त्याच्या त्या हसण्यात काहीतरी चुकत होतं. गर्दीत हरवलेलं पोर उगाच हसतं ना, तसं. ती त्याच्याकडे रोखून बघत हळूच म्हणाली, "तुमच्या बाहीला आग लागलीय."

"हं," तो म्हणाला आणि पुन्हा हसला.

मास्टरणीने मेणबत्तीचा पेला उचलला आणि आपल्या तोंडाशी, अगदी ओठांजवळ धरला. "आता?" ती म्हणाली. "आता येतंय का ऐकू?"

त्याचे डोळे तिच्या ओठांवर खिळले. चेहऱ्यावरचं हसू उतरलं. "आता आलं," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"लेक शाळेत होती तेव्हापासून कमी कमी होत गेलं. आता करवतसुद्धा हाताला कळते, कानाला नाही. तोंड दिसलं की समजतं मला. तुझं तर सगळं समजतं. तू बोलतेस पण कशी, सगळा चेहरा हलवून." तो ओशाळला. "म्हणून ते ट्यूबलाइटचं बघितलं होतं गं. म्हटलं, शेवटचं काही बोलशील, तर मला दिसायला हवं."

"सांगायचं नाही का, अहो!"

"यंत्रावरून काढतील म्हणून नाही सांगितलं आधी. मग राहूनच गेलं."

पेल्याची काच तापली होती. तिने हात बदलला. आणि तिच्या मनात एक प्रश्न आला, जो तिने विचारला नसता तर बरं झालं असतं.

"मग आपण दिवा मालवून पडलो की मी बोलायची, ते?"

त्याने मान खाली घातली. "तू बोलतेस ते कळतं. श्वास लागतो मानेला. काय बोलतेस ते नाही कळत. म्हणून हं म्हणतो."

आई गेली त्या वर्षी ती कितीतरी रात्री अंधारात बोलली होती. त्याचं हं ऐकून तिला धीर यायचा. आणि गेल्या वर्षी एका रात्री, छताकडे बघत, ती म्हणाली होती, "अहो, माझा घसा हल्ली सारखा बसतो. आत गाठीसारखं लागतं. दाखवू का डॉक्टरांना?" तो हं म्हणाला होता आणि कुशीवर वळला होता. मनात नसेल याच्या, तिला वाटलं होतं. राग आला होता. याला पडलेली नाही तर मी तरी कशाला दाखवू, म्हणून हट्टाने दहा-अकरा महिने गप्प राहिली होती. रक्त पडलं तेव्हा लेकीने ओढत नेलं.

"काय बोलायचीस गं?" त्याने विचारलं. तो तिच्या ओठांकडे बघत होता.

मास्टरणीने मेणबत्ती हलू दिली नाही. "काही नाही," ती म्हणाली. "दूध, किराणा. दुकानातल्या कुचाळक्या."

"मगाशी काय म्हणालीस?"

"तेही काही नाही. सूप गरम आहे म्हटलं."

त्याने सुटकेचा निःश्वास टाकला. मग स्वतःहूनच म्हणाला, "तू घाबरू नकोस. आवाजाचं काय एवढं? मला तसाही येत नव्हता. तोंड राहणार आहे ना? तू बोल, मी बघेन."

ऑपरेशन झालं. मानेला भोक, नाकातून नळी, सुजलेला चेहरा. तो म्हणाला होता ते मात्र खरं निघालं. नर्सला, डॉक्टरला, लेकीलाही तिचं काही समजायचं नाही. तिने ओठ हलवले की सगळे होयबाला हाका मारत. तो यायचा, वाकून बघायचा, सांगायचा, "उशी उंच करा म्हणते." लेक दारापाशी जाऊन रडायची. मास्टरीण जगली. दुकानवाल्याने महिनाभर वाट बघितली आणि बेतायच्या टेबलावर दुसरी बाई बसवली. मापं ओरडून सांगायला तिथे तोंड लागतं, हे त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं.

दोन महिन्यांनी तपासणीला गेले तेव्हा डॉक्टर बदललेले होते. तरुण होते, भरभर बोलायचे. जुना कागद चाळत ते म्हणाले, "घशात गाठ जाणवली, आवाज बसला, त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं म्हणता? एवढं अंगावर काढलंत? लवकर आला असतात तर आवाज वाचला असता." खोलीत लख्ख उजेड होता. होयबा डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होता.

बाहेर बाकावर बसल्यावर तो म्हणाला, "वर्षभर?"

तिने होकाराची मान हलवली.

"वर्षभर तुला माहीत होतं आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस?" त्याला स्वतःच्या आवाजाचा अंदाज नव्हता, लांबवरची माणसं बघायला लागली. "मी काय मेलो होतो? मी ओढत नेलं असतं तुला. पाठीवर घालून नेलं असतं. का नाही सांगितलंस?"

सांगितलं होतं. दोनच शब्द. ओठांवर आले असते तर त्याने ते अचूक उचलले असते, आणि मग उरलेला जन्म त्यांचंच ओझं वाहिलं असतं. मास्टरणीने त्याच्याकडे तोंड वळवलं. नीट, सावकाश, प्रत्येक अक्षर दिसेल असे तिने ओठ हलवले.

"विसरले. चुकलं माझं."

"विसरलीस!" तो म्हणाला. "एवढी कशी गं निष्काळजी तू!"

बसमध्ये तो खिडकीपाशी बसला आणि त्याने तोंड बाहेर वळवलं. तिने बाही ओढली. तो वळला नाही. तिने पुन्हा ओढली, मग सोडून दिली. तिला गप्प करायला त्याला आता एवढंच पुरत होतं.

घरी त्याने सूप गाळून तिच्यापुढे ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून शेजारी बसला. तिने ते घोट घोट करत सगळं संपवलं.