टू काढा

“टू काढा,” रमाकांत तात्या म्हणाले आणि त्यांनी खडू कौसल्येच्या हातात दिला.

कचेरी सुटली की तात्या गिरगावातून वरळीच्या बीडीडी चाळीत येत आणि तिथल्या बायकांना इंग्रजी शिकवत. माणूस भला, पण नियमाचा भारी भक्त. वाक्यरूपांतर म्हणजे तर त्यांचा जीव की प्राण. ‘टू’ काढायचा, त्या जागी ‘सो’ घालायचा, पुढे ‘दॅट’ आणि ‘कुड नॉट’. एवढं केलं की मार्क खिशात, असं ते घोकून घेत. वाक्य मात्र जिचं तिनं आणायचं आणि रूपांतर झालं की मराठीत अर्थ सांगायचा, ही त्यांची शिस्त.

मार्चात एस.एस.सी.चा पेपर होता. कौसल्या इंग्रजीत दोनदा आपटली होती. या खेपेला सुटली तरच नर्सिंगला घेणार होते. तिनं फळ्यावर आपलं वाक्य लिहिलं होतं: माय ब्रदर वॉज टू यंग टू डाय. माझ्या भावाचं मरायचं वय नव्हतं. आता तिनं नियमानं टू काढला आणि खाली लिहिलं: माय ब्रदर वॉज सो यंग दॅट ही कुड नॉट डाय.

“अर्थ?”

“माझा भाऊ इतका लहान होता, की तो मरूच शकला नाही.”

तात्यांनी सवयीनं ‘चूक’ म्हणायला तोंड उघडलं. पण पुढच्या चटईवरून शेजारच्या कमळाबाई बोलल्या, “सर, राहू द्या ते. हिच्या भिवाला गेल्या साली संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात गोळी लागली. तिची आय अजून म्हणते, यील तो. त्यांच्या घरात मरणाचा शब्द कोण काढत नाय.”

तात्यांनी फळ्यावरचं वाक्य पुन्हा वाचलं. जन्मभर शिकवलेला नियम त्यांना त्या घटकेला नकोसा झाला.

“नियमानं बरोबर आहे,” ते म्हणाले. “असू दे तसंच.”

“पेपरात लिवलं तर मार्क देतील?” कौसल्येनं विचारलं.

खोटं बोलावं असं तात्यांना फार वाटलं. पण हिला पास व्हायचं होतं.

“नाही देणार. अर्थ उलटा होतो.”

“मग काय लिवायचं ते सांगा.”

“शुड नॉट हॅव डाइड. म्हणजे... मरायला नको होता.”

“म्हणजे मेला.”

“हो, पोरी.”

कौसल्येनं ‘कुड नॉट डाय’ फडक्यानं पुसलं. ‘शुड’चं स्पेलिंग तिनं विचारलं, तात्यांनी एकेक अक्षर सांगितलं. ‘डाइड’ तिनं न विचारता लिहिलं. खडू टेबलावर ठेवून ती कमळाबाईंकडे वळली.

“मावशी, आज माझ्यासंगं घरी चला. आयला सांगायचंय.”