दोन्ही हात वर

"जीभ बाहेर काढा, काका."

अंपायरनी बायकोकडे पाहिलं. खांदा दाखवायला आलेल्या माणसाला जीभ काढायला लावणारी ही कुठली डॉक्टरबाई? पण बायकोने डोळे वटारले, तेव्हा त्यांनी मुकाट्याने जीभ काढली.

"घासून आलात का?"

"अर्थात. लख्ख आहे."

"तेच तर. पुढच्या वेळी घासू नका. वरचा थर बघायचा असतो मला. बरं, झोप कशी लागते?"

"उत्तम."

"उत्तम कसली, डोंबल!" बायको म्हणाली. "त्या अंगावर वळता येत नाही म्हणून रात्र रात्र पलंगावर बसून असतात."

"उत्तम," अंपायर पुन्हा म्हणाले. एकदा दिलेला निर्णय ते बदलत नसत. मैदानावर नाही आणि घरी तर नाहीच नाही.

तसे ते गोदामातले कारकून. आठवडाभर पोत्यांची आवक-जावक बघायची आणि सुट्टीच्या दिवशी पांढरा कोट चढवून क्लबच्या सामन्यांत उभं राहायचं. नोकरी संपली, कोट राहिला. लोक नाव विसरले आणि सगळे त्यांना अंपायरच म्हणू लागले. त्यांना ते मनापासून आवडायचं.

मग उजवा खांदा आखडला. शर्टाच्या बाहीत हात घालायलाही बायको लागू लागली. इस्पितळातल्या डॉक्टरांनी व्यायाम दिले आणि वर्षभर धीर धरा म्हणून सांगितलं. धीर धरताही आला असता, पण एका सामन्यात फलंदाजाने सणसणीत षटकार मारला आणि अंपायरचा एकटा डावा हात वर गेला. दोन्ही हात वर म्हणजे षटकार. एकच हात वर म्हणजे बाय, बॅटला चेंडू न लागता काढलेली धाव. स्कोअररने इमानेइतबारे बायची एक धाव लिहिली. फलंदाज बॅट आपटत अंगावर धावून आला, गोलंदाज पोट धरून हसला आणि संध्याकाळी क्लबचा सेक्रेटरी चहाचा कप पुढे करत म्हणाला, "अंपायरसाहेब, फायनलपर्यंत दोन्ही हात वर गेले तर मैदान तुमचं. नाहीतर स्कोअररच्या शेजारी बसा ना मस्त सावलीत."

ती सावली अंपायरच्या जिव्हारी लागली. म्हणून तर ते इथे आले होते, दुकानांच्या वरच्या मजल्यावर, उकळलेल्या औषधी मुळ्यांचा वास भरलेल्या या अ‍ॅक्युपंक्चरच्या खोलीत.

पोट, तहान, जुनी आजारपणं, चालू गोळ्या असं सगळं विचारून झालं. नाडी दोन्ही हातांची पाहून झाली. एवढी चौकशी त्यांच्या लग्नाच्या वेळीसुद्धा कुणी केली नव्हती. शेवटी डॉक्टरबाईंनी सुयांचं नवं पाकीट फोडलं. सुया केसासारख्या बारीक होत्या. पहिली त्यांनी गुडघ्याखाली टोचली.

"बाई, खांदा वर आहे."

"माहितीये, काका. टोचल्याचं फारसं कळणार नाही. नंतर जड वाटेल, मुंग्या येतील. तसं झालं की लगेच सांगा."

जड वाटलं. मुंग्याही आल्या, पार घोट्यापर्यंत. पण दहा-अकराजण घसा फोडून अपील करत असताना ज्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही, तो चेहरा एका सुईने काय हलणार? "काही जाणवतंय?" बाईंनी विचारलं. चेहरा दगड. बाईंनी सुई किंचित फिरवली. चेहरा दगडच, फक्त त्यावर घामाचे थेंब आले आणि ओठ पांढरे पडले.

"अहो!" बायको किंचाळली.

बाईंनी चटकन सुई काढली, पायाखाली उशा सरकवल्या, साखरपाणी पाजलं. "काही खाऊन आलात ना?"

"उपाशी आलोय. ऑपरेशनला जातात तसा."

"सुयांना पोटात चार घास हवेत," बाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, पण घाबरल्या होत्या. "काका, मैदानावर तुमचा चेहरा कुणाला वाचता येऊ नये, कबूल. पण इथे तो वाचता आला नाही तर मी आंधळी. तुम्ही बोललंच पाहिजे."

अंपायरनी नजर छताकडे वळवली.

"झोप लागत नाही," ते म्हणाले. "दुखतं. खूप दुखतं."

बायकोने पदर तोंडाला लावला. इतक्या वर्षांच्या संसारात निर्णय फिरलेला ती पहिल्यांदाच बघत होती.

निघताना बाईंनी स्वच्छ सांगितलं, "एका दिवसात जादू होत नसते. आज अंग दुखेल, झापड येईल, ते चालतं. रक्तदाबाची गोळी बंद करायची नाही आणि इस्पितळातले व्यायामही सोडायचे नाहीत. काढा जेवणानंतर. खाज आली, पोट बिघडलं तर काढा थांबवा आणि मला फोन करा. चार-सहा वेळांत फरक पडला नाही तर मीच म्हणेन, काका, इथे पैसे घालवू नका."

काढा असा कडू की तो प्यायल्यावर अंपायरना कारल्याची आठवण गोड वाटू लागली. पण ते नाक दाबून पीत, व्यायामाची वेळ झाली की भिंतीवर बोटं चढवत, आणि बाईंकडे पायात सुया असताना हात हळूहळू वर नेत. पुढच्या खेपेला काहीच झालं नाही. मग एका रात्री ते चक्क घोरले. बायको आनंदाने जागी राहिली. एके सकाळी त्यांनी शर्ट स्वतःचा स्वतः चढवला आणि बटणं लावायचं विसरून तसेच आरशासमोर उभे राहिले.

"सुयांनी झालं, काढ्याने झालं, की भिंतीने?" बायकोने बाईंना विचारलं.

"श्रेय वाटून घेऊ, काकू. सर्वांत जास्त काकांना देऊ."

सेक्रेटरीने दोन्ही हात वर गेलेले पाहिले आणि सावलीचं नाव काढलं नाही.

फायनल अटीतटीची झाली. दोन चेंडू उरले होते, जिंकायला पाच धावा हव्या होत्या. फलंदाजाने डोळे मिटून बॅट फिरवली आणि चेंडू उंच उडाला. अंपायरचे दोन्ही हात वर गेले, थेट कानांना लागून! मैदान दणाणलं. जिंकल्याच्या आनंदात पोरं आत धावली. अंपायरना आपल्या बोटांच्या वर आभाळ दिसत होतं आणि ऊर भरून आला होता.

पण चेंडू दोरीच्या आत टप्पा घेऊन बाहेर गेला होता. त्यांनी तो पाहिला होता. आज हातच इतके आसुसलेले होते, की डोळ्यांच्या आधी निघाले होते.

सीमेवरचा क्षेत्ररक्षक एकटाच ओरडत होता. त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. गप्प राहिलं असतं तर चाललं असतं, सगळं आयुष्य तसंच चाललं होतं. अंपायरनी हात खाली घेतले. दिलेली खूण मागे घ्यायची खूण नियमात असते, प्रत्येक हाताने विरुद्ध खांद्याला शिवायचं. त्यांनी ती जन्मात वापरली नव्हती. डावा हात उजव्या खांद्यावर गेला. मग उजवा निघाला, छातीवरून, जिथे तो बाईंच्या टेबलावरही कधी पोचला नव्हता. कळ आली आणि या वेळी ती चेहऱ्यावर सगळ्या मैदानाला दिसली. हात पोचला.

त्यांनी चौकाराची खूण केली. धावत आलेली पोरं थबकली. चारी बाजूंनी हुर्यो उठली, कुणीतरी पाण्याची बाटली फेकली. त्या गोंधळात बायको तेवढी बाकावर उभी राहून जोरजोरात टाळ्या वाजवत होती.

"एक चेंडू, एक धाव," अंपायर म्हणाले आणि पोरांना उजव्या हाताने दोरीबाहेर पिटाळलं.